दारू सोडवताना सिगारेटही सोडवावी का? नैराश्य असलेल्या रुग्णांबाबत

समुपदेशन_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रासाठी विचारते आहे. दारूसाठी दाखल होणारे बहुतेक जण बिडी-सिगारेट ओढणारे असतात. त्यांतल्या पुष्कळांना नैराश्य असते आणि त्याच्या गोळ्या चालू असतात. केंद्राची रीत जुनीच: "आधी दारू सुटू दे, सिगारेटचं मागाहून बघू." जेवणानंतर आणि दोन गटसत्रांच्या मध्ये मागच्या पडवीत ओढायची मुभा असते.

आता काही रुग्ण आपणहून म्हणतात, सोडायचंच आहे तर सगळं एकदम सोडतो. घरच्यांना धास्ती वाटते की सिगारेटही काढून घेतली तर माणूस आणखी खचेल आणि घरी आल्यावर सरळ तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) जाऊन बसेल. कर्मचाऱ्यांतही दोन तट आहेत.

सिगारेट नेमकी कधी थांबवावी: दाखल झाल्या दिवशी, डिटॉक्स (दारू बंद केल्यावरचे पहिले काही दिवस औषधांच्या आधाराने काढणे) संपल्यावर, की घरी गेल्यावर? निकोटिनचा गम आणि पॅच नैराश्याच्या गोळ्यांबरोबर चालतात का? सोडल्यावर उदासी आली तर ती तलफेची की नैराश्य उलटल्याची, हे ओळखायचे कसे? आणि रुग्ण घरी गेल्यावर पुढे काय? आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा येतात, रोजचे काम नर्स आणि समुपदेशकच बघतात, हे धरून सांगावे.

मनोचिकित्सा_तिसवाडी

घरच्यांच्या धास्तीपासून सुरुवात करतो, कारण कर्मचाऱ्यांच्या मनातही तीच असते.

सिगारेट ओढल्यावर बरे वाटते हे खरे, पण ते बरे वाटणे बहुतांशी तलफ शमल्याचे असते. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. मग चिडचिड, बेचैनी, उदासी डोके वर काढते आणि दोन झुरक्यांत ती ओसरते. दिवसातून वीस वेळा असे झाले की माणसाची खात्रीच पटते की आपल्याला सिगारेटच सावरते. नैराश्यात तर ही खात्री जास्तच घट्ट असते, कारण दिवसभरात बरे वाटावे असे दुसरे काही उरलेले नसते. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सिगारेट सोडणाऱ्यांचे नैराश्य, चिंता आणि ताण हे न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झाले होते, आधीपासून मानसिक आजार असलेल्यांचेसुद्धा. फरकाचा आकार नैराश्याच्या गोळ्यांनी पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. हे अभ्यास निरीक्षणाचे होते, त्यामुळे सोडल्यामुळेच बरे वाटले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण "सोडली तर खचेल" या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

आता "मागाहून बघू" याबद्दल. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात व्यसनमुक्तीचे उपचार घेतलेल्या ८४५ जणांचा मागोवा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या मृत्यूंपैकी ५०.९ टक्के तंबाखूमुळे झाले होते आणि ३४.१ टक्के दारूमुळे. ज्या व्यसनासाठी आपण दाखल करून घेतो त्यातून माणूस वाचतो आणि पडवीत ज्याला मुभा देतो त्याने जातो. म्हणून हा प्रश्न केंद्राने टाळू नये.

कधी थांबवावी याचे उत्तर दोन भागांत देतो. निकोटिनचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावे. पूर्ण थांबण्याची तारीख मात्र रुग्णाशी बोलून ठरवावी. दाखल झाल्यावर ओढण्याला आपोआपच आळा बसतो, म्हणजे तलफेचा त्रास डिटॉक्सच्या बरोबरीनेच सुरू होतो. त्यावर इलाज केला नाही तर तिसऱ्या दिवशी "मला घरी जायचंय" ऐकू येते आणि खापर दारूवर फुटते. डिटॉक्सचे पाच-सात दिवस पॅच लावून काढावेत. झोप थोडी सावरली, औषधे बसली की दुसऱ्या आठवड्यातली एखादी तारीख धरावी, म्हणजे घरी जाण्याआधी किमान दोन आठवडे न ओढता केंद्रातच जातील. नैराश्य तीव्र असेल (पीएचक्यू-९ या नैराश्य मोजण्याच्या नऊ प्रश्नांच्या तक्त्यावर २० किंवा अधिक) किंवा आत्महत्येचे विचार असतील तर तारीख दोन ते चार आठवडे पुढे ढकलावी. तोवर पॅच आणि गमच्या मदतीने संख्या निम्म्यावर आणावी. तारीख पुढे गेली तरी तंबाखूवरचे उपचार चालूच राहतात, हे रुग्णाला स्पष्ट सांगा.

औषधांपैकी पॅच, गम, लोझेंज (तोंडात विरघळणारी निकोटिनची गोळी) नैराश्याच्या कुठल्याही नेहमीच्या गोळीबरोबर चालतात.

ब्युप्रोपिऑन हे स्वतः नैराश्यावरचे औषध असल्यामुळे "एका दगडात दोन पक्षी" म्हणून पहिल्यांदा तेच आठवते. इथेच घोटाळा होतो. ते फिट येण्याचा धोका वाढवते. दारू किंवा बेन्झोडायझेपिन (लोराझेपामसारखी शामक औषधे) अचानक बंद होत असताना ते देऊच नये, आणि पूर्वी कधी फिट आलेली असेल तरीही नाही. डिटॉक्स पूर्ण आटोपून लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड उतरवून बंद झाल्यावरच त्याचा विचार. मग तीन दिवस सकाळी १५० मिग्रॅ, त्यानंतर १५० मिग्रॅ दोनदा, दोन डोसांत किमान आठ तासांचे अंतर, आणि झोप उडत असेल तर दुसरा डोस संध्याकाळी लवकर. सोडायची तारीख दुसऱ्या आठवड्यात येते.

व्हॅरेनिक्लिन या सिगारेट सोडवण्याच्या गोळीने मन बिघडते ही भीती अनेकांच्या डोक्यात अजून आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईगल्स चाचणीत ८,१४४ जण होते, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना मानसिक आजार होता. गंभीर मानसिक दुष्परिणाम पॅच किंवा नकली गोळीच्या तुलनेत लक्षणीय वाढले नाहीत, आणि सोडण्याचे प्रमाण व्हॅरेनिक्लिनवर सर्वांत जास्त होते. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीच्या माहितीपत्रकावरचा चौकटीतला इशारा काढून टाकला. डोस: पहिले तीन दिवस ०.५ मिग्रॅ एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ मिग्रॅ दोनदा, पुढे १ मिग्रॅ दोनदा, एकूण १२ आठवडे. पोटभर खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी मळमळ हमखास. मूत्रपिंड बरेच अशक्त असेल तर डोस निम्मा. यावर असताना कोणी दारू प्यालाच तर नशा नेहमीपेक्षा जास्त चढू शकते, हे आधीच सांगून ठेवावे.

तलफ की नैराश्य, यासाठी वेळापत्रक बघा. तलफेची उदासी सोडल्यापासून २४ तासांत सुरू होते, पहिल्या आठवड्यात जोरात असते आणि दोन ते चार आठवड्यांत उतरते. तिच्याबरोबर चिडचिड असते, भूक वाढते, आणि गम चघळल्यावर वीस-तीस मिनिटांत जरा हलके वाटते. नैराश्य उलटले असेल तर दोन आठवडे झाले तरी उतार दिसत नाही आणि निराशेची, आपण कवडीमोल असल्याची भाषा ऐकू येते. सोडण्याआधी एकदा आणि मग दर आठवड्याला पीएचक्यू-९ भरा. नुसती बेरीज बघू नका. झोप, थकवा, भूक, एकाग्रता, बेचैनी हे प्रश्न तलफेनेही वर जातात. पहिला, दुसरा, सहावा आणि नववा वेगळे वाचा. या चारांत वाढ दिसली, किंवा एकूण बेरीज ५ ने वाढली, की आम्हाला फोन. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर त्याच दिवशी, तज्ज्ञांच्या वाराची वाट न बघता.

वॉर्ड_सिस्टर

डॉक्टरांनी औषधे सांगितली. ती वॉर्डात कुठे फसतात ते सांगते.

पॅचचा डोस. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिग्रॅ सहा आठवडे, मग १४ मिग्रॅ दोन आठवडे, मग ७ मिग्रॅ दोन आठवडे. दहा किंवा कमी असतील तर १४ मिग्रॅपासून सुरुवात. बिडीवाल्यांचा हिशोब नुसत्या संख्येवर करू नका. बिडी विझते, म्हणून माणूस ती जोराने आणि भराभर ओढतो. "बिडीत काय असतं" म्हणून कमी डोस लावला की दुपारपर्यंत तो भिंतीला धडका मारतो. विचारायचा प्रश्न एकच: सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय घट्ट आहे असे समजून वरचा डोस.

गोव्याच्या दमट हवेत पॅच निघून येणे ही रोजची कटकट. आंघोळीनंतर कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या, तेल-पावडर लावलेल्या जागी चिकटवू नका, केस नसलेली जागा घ्या: दंडाची बाहेरची बाजू किंवा छातीचा वरचा भाग. तळहाताने दहा सेकंद दाबून धरा. कडा सुटली तर वरून कागदी चिकटपट्टी लावा. रोज जागा बदला, नाहीतर लाल चट्टा उठतो आणि रुग्ण म्हणतो मला सोसत नाही. रात्री भलभलती स्वप्ने पडत असतील तर झोपताना काढून सकाळी नवा लावा. या रुग्णांत झोप हाच नैराश्याचा कच्चा दुवा असतो, म्हणून त्यांच्याबाबत आम्ही रात्री काढण्याच्या बाजूने झुकतो. पॅच कापू नका. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून कचऱ्यात टाका. त्यात निकोटिन उरलेले असते.

पॅच दिवसभराची साधारण तलफ सांभाळतो, पण जेवणानंतरची जोरदार तलफ त्याने भागत नाही. त्यासाठी वरून गम. दोन्ही मिळून एकट्या पॅचपेक्षा चांगले काम करतात. मळमळ, गरगर, छातीत धडधड, थंड घाम असे सगळे एकदम आले तर निकोटिन जास्त झाले. गम थांबवा, पॅच काढा, डॉक्टरांना सांगा.

डिटॉक्समध्ये गोंधळ होतो तो इथे. निकोटिनच्या तलफेनेही माणूस बेचैन होतो, झोपत नाही, खेकसतो. नर्स दारूच्या विथड्रॉवलचे (दारू थांबल्याने होणाऱ्या त्रासाचे) गुण भरते आणि लोराझेपाम वाढतो. नाडी आणि हात बघा. दारूच्या विथड्रॉवलमध्ये नाडी आणि रक्तदाब चढतात, पसरलेले हात थरथरतात, घाम फुटतो. नुसत्या निकोटिनच्या तलफेत नाडी उलट थोडी उतरलेली असते. शंका आली तर दारूचाच विथड्रॉवल समजून चाला, कारण जीव त्यात जातो.

आणि पडवी बंद करा. तिथेच सिगारेटींची देवाणघेवाण होते, उसनवारी होते, गटात न बोलणारा तिथे बोलतो. त्या वेळेला दुसरे काहीतरी ठेवल्याशिवाय नुसते कुलूप लावले तर लोक संडासात ओढतील. चहा-पाव त्याच वेळी द्या, आवारात दहा मिनिटांची फेरी काढा, समुपदेशकाने त्या वेळी तिथे असावे. कर्मचारी गेटबाहेरच्या गाड्यावर जाऊन ओढून आले आणि कपड्यांना वास घेऊन गटात बसले तर वरचे सगळे फुकट.

मुक्तांगणी_बार्देस

मी थोडा वेगळा सूर लावतो. एकदम सोडवण्याचा आग्रह सरसकट नको.

२००४ मध्ये अमेरिकेतल्याच एका अभ्यासात दारूच्या उपचारातले ४९९ जण दोन गटांत वाटले. एका गटाला सिगारेटचे उपचार दारूबरोबरच दिले, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. सिगारेट सुटण्याचे प्रमाण शेवटी सारखेच निघाले, पण दारूपासून दूर राहण्यात एकदम सोडणारा गट मागे पडला. त्याच वर्षी आलेल्या एका एकत्रित आढाव्यात उलटे दिसले: व्यसनमुक्तीच्या काळात तंबाखूवरही उपचार मिळालेल्यांत दारू-ड्रग्जपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त होती. पुढे कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात तंबाखूवरच्या उपचाराने दारूचे काही बिघडल्याचे दिसले नाही. एकूण पारडे बरोबरीने उपचार करण्याकडे झुकते हे मान्य. पण पहिला अभ्यास विसरू नये.

माझे म्हणणे एवढेच की रुग्णाला विचारा. ज्याला आत्ता सोडायची आहे त्याला अडवू नका. "एका वेळी एकच" म्हणून त्याचा हात खाली ओढणे हा अन्याय आहे. ज्याची तयारी नाही त्याच्यावर लादू नका, पॅच देऊन संख्या कमी करा आणि दर आठवड्याला पुन्हा विचारा. नैराश्यातला माणूस हरल्याच्या भावनेनेच आलेला असतो. ठरवलेली तारीख हुकली तर त्याला ती आणखी एक हार वाटते. म्हणून त्याच्याबरोबर तारीख ठरवण्याआधी एक दिवसाची "रंगीत तालीम" घ्या: चोवीस तास न ओढता पॅच-गमवर राहायचे, मग बसून काय जड गेले ते लिहायचे. त्यात पास-नापास नाही.

औषधालय_म्हापसा

गमबद्दल फार्मसीच्या बाजूने. २ मिग्रॅचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिग्रॅला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पॅच सगळीकडे नसतात आणि व्हॅरेनिक्लिन बहुधा मागवावे लागते, तेव्हा रुग्ण घरी जायच्या आधीच त्याच्या गावाजवळच्या फार्मसीत चौकशी करून ठेवा. पेडणे-सत्तरीकडचा रुग्ण असेल तर विशेष करून. औषध संपले आणि नवे चार दिवसांनी आले, एवढ्यात सगळे घसरते.

पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासात असेल तर ४ मिग्रॅ, नंतर असेल तर २ मिग्रॅ. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. चोवीस तासांत २४ च्या वर नको.

चघळण्याची पद्धत दाखवल्याशिवाय पाकीट देऊ नये. साध्या च्युइंगगमसारखा तो चावायचा नसतो. हळूहळू चावा, तिखट झिणझिणी आली की थांबा, गालफडात दाबून ठेवा. झिणझिणी गेली की पुन्हा दोनचार वेळा चावा, बाजू बदला. असे अर्धा तास. सारखा चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, जळजळते आणि तलफ तशीच राहते. "गमचा उपयोग नाही" म्हणणाऱ्यांत बहुतेकांची चूक हीच असते. दुसरी चूक आंबटाची: तोंड आंबट असेल तर निकोटिन गालातून शोषले जात नाही. गम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटे सोलकढी, कोकम सरबत, लिंबू-सोडा, कॉफी, शीतपेय काही नको. दुपारच्या जेवणात सोलकढी असेल तर जेवणानंतर चूळ भरून पंधरा मिनिटे थांबा.

दारूच्या रुग्णांना पित्ताचा त्रास असतो, त्यांना गमने जळजळ होत असेल तर पॅचवर भर द्या. कवळी असेल तर गमऐवजी लोझेंज.

आता धुराचा प्रश्न, ज्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृतातले एक एन्झाइम जोरात चालवतात आणि त्यामुळे काही औषधे शरीरातून भराभर निघून जातात. ओढणे थांबले की आठवड्याभरात हा वेग खाली येतो आणि त्याच डोसात औषधाची पातळी वाढते. क्लोझापिन आणि ओलांझापिन ही गंभीर मानसिक आजारांवरची औषधे मुख्य. क्लोझापिनची पातळी निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त वाढू शकते. गुंगी, लाळ, फिट. तारखेच्या आधीच डॉक्टरांशी बोलून डोस ठरवावा. नैराश्याच्या गोळ्यांपैकी ड्युलोक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिनवरही परिणाम होतो, तेवढा मोठा नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनला फारशी अडचण नाही. हे काम निकोटिनचे नसून धुराचे आहे, म्हणून पॅच लावला तरी पातळी वाढायची ती वाढतेच. आणि रुग्णाने पुन्हा ओढायला सुरुवात केली की औषध कमी पडू लागते, तेही कळवायचे.

कॅफिनचेही तसेच. तेवढाच चहा-कॉफी पिऊनही रक्तात कॅफिन दुपटीच्या आसपास जाऊ शकते. मग छाती धडधडते, झोप येत नाही, आणि सगळे म्हणतात सिगारेट सोडल्याने बिघडला. सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा आणि दुपारी तीननंतर नको.

समुपदेशन_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. चहाचे आमच्या लक्षातच आले नव्हते. आमच्याकडे दिवसातून पाच वेळा चहा असतो. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. सत्रात नेमके काय करायचे? तलफ आणि उदासी यांवर वेगवेगळी सत्रे घ्यायची का? आणि घरी गेल्यावरचे कोणीच नीट सांगितले नाही. काही जण सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागतात, काही मुलगे व्हेपबद्दल विचारतात.

आरोग्यकेंद्र_सत्तरी

वेगळी सत्रे नकोत, एकाच वहीत दोन्ही घ्या. नैराश्यावर आपल्याच गोव्यात तपासलेली पद्धत हाताशी आहे. संगाथ या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ सत्रांचा "हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम" देऊन बघितला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. त्याचा गाभा म्हणजे मन कधी चांगले होईल याची वाट न बघता आधी कृती ठरवायची. दारूसाठीही त्यांचा चार सत्रांपर्यंतचा कार्यक्रम त्याच काळात तपासला गेला. सिगारेटला हीच रीत चांगली लागू पडते.

वहीत रोज चार रकाने: वेळ, काय करत होतो, मन किती (० ते १०), ओढली की तलफ नुसती आली. चार दिवसांत आकृती दिसायला लागते. बहुतेकांत दोन प्रकारच्या सिगारेटी निघतात. काही सवयीच्या: चहाबरोबर, संडासला जाताना, बसची वाट बघताना. त्या जागा किंवा क्रम बदलला की सुटतात. काही रिकामपणाच्या: दुपारी तीन ते पाच, संध्याकाळी दिवे लागणीच्या सुमारास. नैराश्यातल्या माणसाला या दुसऱ्या सोडवत नाहीत, कारण त्या काढल्या तर तिथे भोकच पडते. म्हणून त्या वेळेला आधी एक काम बसवा आणि मग सिगारेट काढा. उलटे करू नका.

काम लहान असावे आणि दुसऱ्याच्या नजरेस पडणारे असावे. "व्यायाम करा" लिहून काही होत नाही. "साडेचारला कुळागराला पाणी लावणे", "पाचला मुलीला शिकवणीहून आणणे", "सहाला देवळात भजनाला टाळ घेऊन बसणे" असे लिहा. नैराश्य असेल तर पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनच कामे. पाच लिहिली तर तीन राहतात आणि राहिलेली तीनच त्याला दिसतात.

तलफेची लाट तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढा वेळ काढण्याचा सराव सत्रात समोर बसवून करून घ्या: घड्याळ लावायचे, तलफ ० ते १० मध्ये किती ते दर मिनिटाला बोलायचे, मंद श्वास, घोटघोट पाणी. आकडा स्वतःच्या तोंडून उतरताना ऐकला की त्याला पटते. पत्रक वाचून पटत नाही.

घरच्यांनाही एक सत्र द्या. त्यांना तीन गोष्टी सांगा: पहिले दोन-तीन आठवडे तो चिडेल, त्याचा अर्थ उपचार फसला असा नाही, खिसे तपासू नका, आणि "यापेक्षा ओढत होतास तेव्हा बरा होतास" हे वाक्य तोंडातून काढू नका.

घरी जाण्याच्या आठवड्यात गावाचा नकाशा काढून घ्या. कुठला गाडा सुट्या सिगारेटी देतो, कुठल्या तावेर्नावर जुने दोस्त बसतात, कामाला जाताना कुठला रस्ता. दारूचा आणि सिगारेटचा नकाशा बहुधा एकच निघतो, म्हणूनच एक पेटली की दुसरीची ओढ लागते. पंचांगही बघा: मार्च ते मे उर्राकचे (काजूच्या दारूचे) दिवस, शिगमो, चवथीला मुंबईहून येणारे भाऊबंद, गावची जत्रा, शेजाऱ्यांचे फेस्त. घरी गेल्यानंतर तीन महिन्यांत यातले जे येणार असेल त्या दिवसाचे वेळापत्रक तासावार लिहून द्या: कोणाबरोबर जायचे, कधी परतायचे, गम खिशात आहे का.

तंबाखू मळणे म्हणजे तेच निकोटिन, वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका. प्रत्येक भेटीत "ओढता का" असे न विचारता "कुठल्याही रूपात तंबाखू घेता का" असे विचारा, मशेरीसकट. स्त्री रुग्णांना मशेरीबद्दल कोणी विचारतच नाही. व्हेपचे म्हणाल तर २०१९ च्या कायद्याने देशात ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. किनाऱ्यावर चोरून मिळते म्हणून ती उपचारात धरता येत नाही. आत किती निकोटिन आहे हेसुद्धा माहीत नसते.

घरी गेल्यावर फोन तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, मग महिन्याने आणि तिसऱ्या महिन्याने. पहिले दोन फोन चुकवू नका, घसरण तिथेच होते. एखादी ओढली तर पॅच काढायचा नाही, तसाच ठेवून त्याच दिवशी फोन करायचा. पॅचवर एक सिगारेट ओढली तर हृदय बंद पडते ही अफवा आहे आणि तिच्यापायी लोक पॅच फेकून पाकीट घेतात. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, हा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. मन फार खचले तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास. बांबोळीच्या मनोविकार संस्थेची बाह्यरुग्ण तारीख डिस्चार्ज कागदावरच लिहून द्या.

एक जाता जाता: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यात तंबाखू घेणारे प्रौढ ९.७ टक्के, देशात सर्वांत कमी. देशाचे प्रमाण २८.६ टक्के. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न मोठा नाही असा समज होतो. दारूच्या वॉर्डात दाखल होणारे लोक या सरासरीतले नसतात, त्यांच्यासाठी वेगळीच तयारी लागते.

समुपदेशन_फोंडा

पुढच्या तुकडीपासून असे करायचे ठरवले आहे: दाखल होतानाच पहिली बिडी किती वेळात, पूर्वी फिट आली होती का, आणि पीएचक्यू-९, पहिल्या दिवशी पॅच, दुसऱ्या आठवड्यात रंगीत तालीम, ज्याची तयारी असेल त्याची तारीख, पडवीच्या वेळी चहा-पाव आणि फेरी, चहा तीन वेळा. काही राहिले का?

मनोचिकित्सा_तिसवाडी

दोन भर. दाखल होताना चालू औषधांची यादी घेऊन तिच्यात ओलांझापिन, क्लोझापिन, ड्युलोक्सेटिन, फ्लुवोक्सामिनवर लाल खूण करा आणि तारीख ठरली की आम्हाला आधी कळवा, नंतर नको. आणि वजन दर आठवड्याला घ्या. सोडल्यावर पहिल्या वर्षात चार-पाच किलो वाढणे नेहमीचे आहे. ओलांझापिन किंवा मिर्टाझापिन चालू असेल तर त्यात भर पडते. नैराश्यातला माणूस वाढलेल्या वजनाचे कारण काढून पुन्हा ओढायला लागतो. गोळी बदलता येते का ते आम्ही बघू. संध्याकाळच्या खाण्यात फरसाणाऐवजी भाजलेले चणे किंवा काकडी ठेवणे तुमच्या हातात आहे.